पहाटे चारचा गजर की साखरझोप? (दहावी, झोप आणि लक्षात राहणं)

कढीपत्ता
मंडळी, घरात युद्ध पेटलंय आणि तहाची बोलणी करायला मला मुद्दे हवेत.

लेक दहावीला. क्लास साडेआठला सुटतो, मग जेवण, थोडा मोबाइल, आणि पुस्तक उघडेपर्यंत दहा वाजतात. झोपायला बारा. सासूबाईंचं म्हणणं, "पहाटे चारला उठव. पहाटेचं वाचलेलं डोक्यात पक्कं बसतं. आम्ही सगळी भावंडं पहाटे उठूनच शिकलो." म्हणून गेला आठवडाभर चारचा गजर लावला. पोर उठते, खुर्चीत बसते, पुस्तकही उघडते. काल चहा घेऊन गेले तर बाईसाहेब भूगोलावर गाल टेकवून ब्राझीलवर निजलेल्या, गालावर पेनच्या टोपणाचा ठसा. संध्याकाळी विचारलं तर पहाटे वाचलेलं एक अक्षर आठवेना. रात्रीचं मात्र बऱ्यापैकी आठवत होतं.

झोपेचे टप्पे असतात आणि त्यात मेंदू वाचलेलं लावून ठेवतो, एवढं ऐकून आहे. तर चारला उठवून मी त्यातलं नेमकं काय कापतेय?

भोचक_भवानी
आधी हे सांगा, गजर बंद कोण करतं? आमच्याकडे मुलासाठी लावलेल्या गजराने शेजारचे काका उठून फिरायला जायचे. मुलगा काठावर पास झाला, काकांची शुगर मात्र आटोक्यात आली.

नाशिककर_७१
लवकर निजे, लवकर उठे, त्यास ज्ञान, आरोग्य, संपत्ती लाभे. वाडवडील उगाच सांगत नव्हते.

आगाऊ_कार्टं
काका, त्यात "लवकर निजे" आधी येतं. तेवढं सोडून बाकीचं सगळ्यांना पाठ असतं.

निशाचर_नोकर
रात्री लोकांना झोपलेलं बघणं हीच माझी नोकरी आहे. झोपेच्या तपासण्या करतात तिथे तंत्रज्ञ आहे. पेशंट रात्री आला की डोक्याला पेस्ट लावून तारा चिकटवायच्या, डोळ्यांच्या कडेला दोन, हनुवटीला दोन-तीन, आणि मग पलीकडच्या खोलीत बसून सकाळपर्यंत स्क्रीन बघायचा. ही नोंद ३० सेकंदांच्या एकेका पानावर वाचतात. आठ तासांची ९६० पानं. प्रत्येक पानावर एकच शिक्का: जागा, पहिला टप्पा, दुसरा, तिसरा, नाहीतर रेम, म्हणजे मिटल्या पापण्यांआड डोळे भराभर फिरतात ती झोप.

पहिला टप्पा म्हणजे पेंग. "मी झोपलोच नव्हतो, नुसते डोळे मिटले होते" म्हणणारे सगळे यातले. दुसऱ्यात मधूनच रेषेवर एक झुबका उठतो, अर्ध्या ते दोनेक सेकंदांचा, मध्ये फुगीर आणि दोन्हीकडे निमुळता, चातीवर सूत भरल्यासारखा. त्याला म्हणतातही स्पिंडलच, म्हणजे चाती. तिसरा म्हणजे गाढ झोप, पान भरून संथ, उंच लाटा. तेव्हा उठवलं तर माणूस उठून बसतो, पण आपण कुठे आहोत ते त्याला कळत नाही. रेम बघायला मजा येते. डोक्याच्या रेषा जवळपास जाग्या माणसासारख्या, डोळ्यांच्या रेषा झटके मारतायत आणि हनुवटीची रेषा मात्र सपाट, कारण अंगातले स्नायू सैल सुटलेले. १९५३ साली शिकागोच्या युजीन असेरिन्स्की आणि नॅथॅनियल क्लाइटमन यांनी ही झोप जगापुढे मांडली. तारा चिकटवायला असेरिन्स्कीला घरचंच गिऱ्हाईक मिळालं होतं, त्याचा आठ वर्षांचा मुलगा.

आता तुमचा प्रश्न. या टप्प्यांची एक फेरी साधारण दीड तासाची, पण सगळ्या फेऱ्या सारख्या नसतात. गाढ झोप रात्रीच्या पहिल्या दोन-तीन फेऱ्यांत उरकते. रेम आधी पाच-दहा मिनिटं येते आणि पहाटेकडे लांबत जाते. बाराला झोपून चारला उठलेल्या मुलीला गाढ झोपेचा मोठा वाटा मिळालेला असतो. जाते ती साखरझोप. म्हणजे झोप निम्मी कापलीत, पण रेम निम्म्याहून जास्त गेली, आणि दुसऱ्या टप्प्याचाही मोठा लचका गेला.

कढीपत्ता
बाप रे. साखरझोप हा शब्द मी इतकी वर्षं नुसता लाडाने वापरत होते. पण लक्षात राहण्याचं काम यातला कोणता टप्पा करतो? गाढ झोप मिळतेय ना, मग बिघडलं कुठे?

निशाचर_नोकर
दिवसभर वाचलेलं आधी हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात उतरतं. ती रोजकीर्द धरा, रोजच्या नोंदींची वही. गाढ झोपेत त्या नोंदी पुन्हा पुन्हा चाळल्या जातात आणि हळूहळू मेंदूच्या वरच्या थरात, म्हणजे खतावणीत, कायमच्या वहीत चढतात. १९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूत हे पकडलं. जागेपणी फिरताना ज्या पेशी एकत्र पेटत होत्या, त्याच नंतरच्या झोपेतही एकत्र पेटताना दिसल्या. संथ लाटेच्या वर स्पिंडल बसतो आणि स्पिंडलच्या पोटात हिप्पोकॅम्पसची बारीक थरथर. हे तिन्ही एका तालात आले की नोंद नीट चढते, असा सध्याचा समज आहे.

ताळेबंद
सीएच्या ऑफिसात तेवीस वर्षं घालवलेला माणूस म्हणून सांगतो, रोजकीर्दीतच नोंद चुकली तर खतावणी कितीही सुरेख लिहा, उपयोग शून्य. पेंगत वाचलेल्या ब्राझीलचं तेच झालं असणार.

निशाचर_नोकर
@ताळेबंद, अगदी. झोप शिकल्यानंतर लागते तशी शिकण्याआधीही लागते. अर्धवट झोपेनंतर नवीन काही टिपून घ्यायलाच हिप्पोकॅम्पस कुरकुरतो. तुमच्या लेकीला दोन्हीकडून फटका बसतोय, ताई.

जागरणसम्राट
मला यातलं काही पटत नाही. बारावी आणि इंजिनिअरिंगची चारही वर्षं मी रात्री एक ते पहाटे चार अभ्यास करून काढली. सगळीकडे शांत, कोणी दळण आणायला पाठवत नाही. डिस्टिंक्शन कधी चुकलं नाही. पहाटे उठणाऱ्यांना एक नैतिक उंची आपोआप मिळते, फरक असेल तर तेवढाच.

आगाऊ_कार्टं
दादा, पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या सुट्टीत, उठायचात किती वाजता?

जागरणसम्राट
अकरा. कधी साडेअकरा.

आगाऊ_कार्टं
म्हणजे सात तास पूर्ण, साखरझोपेसकट. तुम्ही जागरणसम्राट नाही, फक्त तुमचं घड्याळ दुबईचं आहे.

भोचक_भवानी
:ड

निशाचर_नोकर
यात एक खरा मुद्दा आहे. वयात आलेल्या मुलांचं शरीराचं घड्याळ खरोखरच पुढे सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा पाझरू लागतं. त्यामुळे दहाला झोप न येणं हा नेहमीच आगाऊपणा नसतो. आणि या वयाला झोप मात्र ८ ते १० तास लागते.

मास्तरीणबाई
अवांतर आहे, पण राहवत नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये शासनाने पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ वाजता किंवा त्यानंतर भरवा असा निर्णय काढला. आनंद झाला. पण लहानगी तशीही सहाला टुणकन उठून बसतात. घड्याळ पुढे सरकलेली नववी-दहावीची पोरं मात्र आमच्याकडे सातच्या अधिवेशनाला. पहिल्या तासाला बीजगणित. चाळीसातली बारा-पंधरा डोकी बाकावर असतात, हे मी मोजलंय. ओरडायचं सोडून दिलं. त्या तासाला आता फळ्यावर उदाहरण सोडवायला एकेकाला बोलावते, उभं राहिलेलं पोर निदान झोपत नाही.

रेला
तबला शिकतो, वय ४४, म्हणजे हात आधीच जड. गेल्या वर्षी "धिरधिर" हा बोल बसता बसेना. तळहाताची एक कड, मग दुसरी, शाईवर डोलवायची. ठायीत, म्हणजे संथ लयीत, जमायचं, लय वाढवली की बोलांचा नुसता गठ्ठा. एका संध्याकाळी दीड तास घासून वैतागलो. गुरुजी म्हणाले, "आता ठेवा. उद्या बघू." दुसऱ्या दिवशी सकाळी नुसतं सहज बसलो, चहासुद्धा झाला नव्हता, आणि हात चालला. मध्ये मी काहीच केलं नव्हतं, झोपलो होतो. तेव्हा मला वाटलं गुरुकृपा. आता हा धागा वाचून शंका यायला लागलीय.

चिकित्सक_चंपू
@रेला, गुरुकृपा असू द्या, पण २००२ साली मॅथ्यू वॉकर वगैरेंनी जवळपास हाच प्रयोग केला होता, तबल्याऐवजी कीबोर्डवर. सरावाच्या नसलेल्या हाताने चार बोटांचा एक ठरावीक क्रम भराभर दाबायचा. शिकून बारा तास जागं राहिलं तर काही खास फरक नाही, रात्र झोपून आलं की वेग सुमारे २० टक्क्यांनी वाढलेला. आणि ही वाढ जुळत होती ती दुसऱ्या टप्प्याशी, तोही रात्रीच्या शेवटच्या भागातला. म्हणजे पहाटे चारला उठून रियाज करणाऱ्यांनी नऊला झोपावं हे बरं.

पण बाकी उत्साहाला थोडं पाणी मारतो. झोपेने आठवण टिकते याचा नेहमी दिला जाणारा जुना दाखला १९२४चा, जेन्किन्स आणि डॅलनबाख यांचा. निरर्थक अक्षरं पाठ करून घ्यायची. आठ तास जागं राहिल्यावर दहातलं जेमतेम एखादं आठवे, झोपल्यावर निम्मी. ऐकायला भारी. पण प्रयोगात माणसं होती दोन! आणि याचा सरळ अर्थ असाही लागतो की झोपेत डोक्यात नवीन कचरा पडत नाही, म्हणून जुनं टिकतं. झोप स्वतः काही करते हे त्यातून सिद्ध होत नाही.

निशाचर_नोकर
चंपूशेठ, शंका रास्त. त्याला उत्तर देणारा माझा आवडता प्रयोग जर्मनीतल्या ल्युबेक विद्यापीठाचा, २००७चा. तरुण मुलांना स्क्रीनवर पत्त्यांच्या जोड्या कुठे आहेत ते लक्षात ठेवायला दिलं आणि ते करताना खोलीत गुलाबाचा वास सोडला. रात्री गाढ झोपेत तोच वास पुन्हा नाकाशी. सकाळी या मुलांना सुमारे ९७ टक्के जोड्या आठवल्या, वास नसताना ८६. रेममध्ये वास देऊन उपयोग झाला नाही. शिकताना वास नव्हता आणि नुसता झोपेत दिला, तरीही नाही. कचरा न पडणं दोन्हीकडे सारखंच होतं ना? मग फरक झोपेतल्या उजळणीचाच मानावा लागतो.

भोचक_भवानी
म्हणजे उशाशी मोगऱ्याचा गजरा ठेवायचा?

कोलीवाडा_एक्स्प्रेस
आमच्या घरी अभ्यासाच्या वेळेला एकच वास असतो, सुक्या बोंबलाचा. उशाशी ठेवायला माझी हरकत नाही, बायकोची असेल. आणि पेपरला जाताना खिशात न्यायचा की कसं?

ताळेबंद
पर्यवेक्षक लांब बसतील. दुहेरी फायदा.

पुणेरी_पाटी
या निमित्ताने नोंदवतो की एक ते चार दुकान बंद ठेवून वामकुक्षी घेणाऱ्यांची ज्यांनी ज्यांनी टिंगल केली, त्यांनी माफी मागावी. दुपारच्या ६० ते ९० मिनिटांच्या झोपेत गाढ झोप आणि रेम दोन्ही पदरात पडले, तर काही कामांत रात्रभराच्या झोपेइतका फायदा दिसला, असा सारा मेडनिक यांचा २००३चा अभ्यास आहे. माफी लेखी हवी. वेळ: चारनंतर.

वावरातून
मी हिंगोलीकडचा, सध्या पुण्यात एमपीएससी करतोय. अभ्यासिका चोवीस तास उघडी असते हेच आमचं दुखणं आहे. शेजारच्या खुर्चीवरचा उठत नाही तोवर आपण कसं उठायचं, असं प्रत्येकाला वाटतं, आणि तोही आपल्याकडे बघूनच बसलेला असतो. रात्री दोनला चहाच्या टपरीवर हीऽ गर्दी. मी दीड वर्ष दोनला झोपून साडेसहाला उठलो. राज्यघटनेची कलमं सगळी यायची, पण प्रश्न जरा फिरवून आला की गाडी अडकायची. वाचलेलं आठवायचं, वापरता यायचं नाही. आता बाराच्या आत खोलीवर जातो. पोरं म्हणतात भाऊ ढिला पडला. पडू द्या.

चिकित्सक_चंपू
@वावरातून, तुमच्या "वापरता यायचं नाही"वरून आठवलं. २००४ साली जर्मनीतच आकड्यांचं एक कोडं दिलं होतं. ते रटाळ पद्धतीने पायरी-पायरीने सुटायचं, पण आत एक आडवाट लपलेली होती. मध्ये रात्र झोपून आलेल्यांपैकी ५९ टक्क्यांना ती सापडली, तेवढाच वेळ जागं राहिलेल्यांपैकी २३ टक्क्यांना. भूमितीच्या रायडरसाठी, म्हणजे डोकं चालवून सोडवायच्या उदाहरणांसाठी, हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आणि रेमबद्दल सावधगिरीचा एक शब्द. रेम गेली म्हणजे स्मरणशक्ती गेली, असं कोणी इथून उचलू नका. इस्रायलमधल्या एका माणसाच्या मेंदूच्या देठात बॉम्बचा तुकडा रुतला होता, त्याला रेम जवळजवळ येतच नव्हती. पेरेट्झ लावी यांनी १९८४च्या सुमारास त्याची नोंद केली. तो माणूस कायदा शिकला, वकिली केली आणि वर्तमानपत्रात कोडी चालवायचा. रेम दाबणाऱ्या काही गोळ्या आहेत, त्या वर्षानुवर्षं घेणारेही विसरभोळे होतात असं दिसलेलं नाही. भावनांशी जोडलेल्या आठवणींशी रेमचा संबंध लावतात, पण ते भांडण अजून मिटलेलं नाही.

निशाचर_नोकर
मान्य. वर मी रेम-रेम जास्तच केलं. कापली जाते ती रेम एकटी नाही, दुसरा टप्पाही, आणि मुळात झोपच. हे पुढे ठेवायला हवं होतं.

बारावीचा_बळी
कानात हेडफोन घालून रात्रभर नोट्सचं रेकॉर्डिंग लावलं तर? एक ॲप आहे, पैसे भरावे का?

चिकित्सक_चंपू
नको. १९५० च्या दशकात सायमन आणि एमन्स यांनी टेप लावून हेच तपासलं, सोबत मेंदूच्या रेषा बघत. जे थोडंफार आठवलं ते माणूस जागा किंवा अर्धवट जागा असताना ऐकलेलं. पक्क्या झोपेत ऐकवलेलं काही उरलं नाही. झोपेत जुन्याची उजळणी होते, नवा धडा शिकवून होत नाही. वर भुणभुणीने झोप मोडते ते वेगळंच. त्या पैशात भेळ खा.

रात्रपाळी
मी स्टाफ नर्स. आठवड्याला सलग तीन-चार रात्री. एक नाईट संपवून थेट ट्रेनिंगला बसवलं होतं, नवीन इन्फ्युजन पंप कसा लावायचा ते. समोर बाई दाखवतायत, मी मान डोलावतेय, सहीसुद्धा केली. दोन दिवसांनी वॉर्डात पंप समोर आला आणि मला चालू करायचं बटण कुठलं ते आठवेना. ज्युनिअर मुलीने केलं. लाजले. निष्काळजी म्हणून बोलणीही खाल्ली. दिवसा झोपून रात्रीची भरपाई होते असं सांगणाऱ्याने एकदा सकाळी दहाला झोपून दाखवावं: भंगारवाला, कुरिअर, वरच्या मजल्यावर ड्रिल. चार तास मिळाले तरी देवाची कृपा.

भोचक_भवानी
@रात्रपाळी, यात तुमचं काही चुकलं नाही हो. नाईटनंतर ट्रेनिंग ठेवणाऱ्याला पंप लावायला हवा होता.

सुमनआजी
मी सहसा नुसतं वाचते. नातवाने टाइप करून दिलंय.

आमच्याकडे कोकणात दिवेलागणीला परवचा असायची. ओटीवर बसून पाढे, पावकी, निमकी, पाऊणकी, मग स्तोत्रं. वडील झोपाळ्यावर. चुकलं की पहिल्यापासून. ते झालं की मऊ भात, आणि लगेच अंथरुणं. घरात वीज नव्हती, कंदील एक, त्याचं रॉकेल जपायचं. साडेआठला सगळं घर निजलेलं. मग पहाटे चारला जाग येण्यात विशेष ते काय? गजर कुणाकडे होता? आपोआप उठायचो.

पाऊणकी मला अजून येते. काल काय भाजी केली ते आठवत नाही.

नाशिककर_७१
आजी, दंडवत. आणि आगाऊ कार्ट्या, "लवकर निजे" बद्दल तुझं बरोबर होतं. एकदाच म्हणेन.

आगाऊ_कार्टं
स्क्रीनशॉट काढून ठेवलाय काका.

निशाचर_नोकर
आजींनी सांगितलेल्या पद्धतीत सगळं बसलंय. पाठांतर झोपेच्या तोंडावर, तेही न बघता म्हणायचं, मध्ये दुसरा मालमसाला नाही, आणि मग साडेसात तास. पहाटेला श्रेय मिळालं, काम रात्री साडेआठने केलं.

मास्तरीणबाई
"न बघता म्हणायचं" हे अधोरेखित करा. मुलं रात्री पुस्तक नुसतं डोळ्यांखालून घालतात आणि झोपतात. मिटून सांग म्हटलं की गप्प.

स्मार्ट_घड्याळवाला
माझं घड्याळ सांगतं की काल मला गाढ झोप फक्त ३८ मिनिटं. तेव्हापासून काळजीने झोप लागत नाहीये.

निशाचर_नोकर
घड्याळ मेंदू बघत नाही. मनगटाची हालचाल आणि नाडी यांवरून अंदाज बांधतं. झोपला कधी, उठला कधी हे बरं सांगतं. टप्प्यांच्या बाबतीत त्याच्यावर एवढा जीव टाकू नका. काढून ठेवा आणि झोपा.

कढीपत्ता
तीन आठवड्यांनी येतेय, सराव परीक्षा मध्ये होती.

सुमनआजींचा प्रतिसाद सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवला. वाद घालायचा नाही असं ठरवून फक्त विचारलं, "आई, तुम्ही चारला उठायचात ते झोपायचात किती वाजता?" त्या भाजी निवडत होत्या. थांबल्या. म्हणाल्या, "आठ, साडेआठ. तेव्हा करायचं काय होतं जागून?" आणि पुन्हा निवडायला लागल्या. तहावर सही झाली असं मी समजते.

आता असं चाललंय: क्लासहून आल्यावर जेवण, मोबाइल माझ्या कपाटात (यावर दोन दिवस अबोला), दहा ते पावणेअकरा फक्त पाठांतराचं, संस्कृतची रूपं, सनावळ्या, सूत्रं. शेवटची दहा मिनिटं पुस्तक मिटून आजीला म्हणून दाखवायचं. अकराला दिवा बंद. गणित शाळेतून आल्यावर. गजर साडेसहाचा, आठ तास नाही पण साडेसात होतात. सासूबाई चारला उठतातच, आता दबक्या पावलांनी.

मार्कांचं म्हणाल तर फार काही घडलेलं नाही. संस्कृत सुधारलं, गणित होतं तिथेच. पण सकाळची चिडचिड निम्म्याने कमी झाली आणि जेवताना माणसासारखी बोलते.

आगाऊ_कार्टं
आणि ब्राझील?

कढीपत्ता
राजधानी विचारली की अजून रिओच सांगते. अगदी ठामपणे. झोपेत तेच पक्कं झालं असणार.

ताळेबंद
रोजकीर्द!! मी सांगत होतो.

नाशिककर_७१
ब्राझिलिया. १९६०पासून.